पुढच्या शॉकअपची स्प्रिंग: तार मोजून घ्या

मोंढ्यातल्या पार्टच्या दुकानात पुढच्या शॉकअपची स्प्रिंग मागितली की गाडीचं नाव विचारलं जातं आणि एक जोडी काउंटरवर येते. मग जुनी स्प्रिंग नवीच्या शेजारी उभी करायची, नवी थोडी उंच दिसली की पैसे द्यायचे. बहुतेक चुकीच्या स्प्रिंगा अशाच गाडीत जातात, कारण स्प्रिंग किती कडक आहे हे उंचीवरून कळतच नाही. कडकपणा तीन गोष्टींवर ठरतो: तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या. उंचीवरून एवढंच कळतं की शॉकअप पूर्ण उघडा असताना टोपणाखाली स्प्रिंग आधीच किती दाबलेली राहील.

पुढचं सगळं नव्वदच्या दशकातल्या एका शंभर सीसीच्या गाडीवर मोजून केलेलं आहे. सीडी १००, स्प्लेंडर, बॉक्सर, आरएक्स १०० या वर्गातल्या गाड्यांचे पुढचे शॉकअप एकाच धाटणीचे: प्रत्येक पायात, म्हणजे प्रत्येक बाजूच्या नळीत, एक लांब स्प्रिंग, आत तिची उसळी तेलाच्या मदतीने आवरणारा डॅम्पर रॉड, थोडं तेल आणि वरून बंद करणारा बोल्ट किंवा टोपण. आकडे मात्र गाडीगणिक बदलतात. त्यामुळे इथली पद्धत घ्या, आकडे स्वतःच्या गाडीचे काढा.

गाडी चालवणाऱ्याचं वजन ७८ किलो. रोजचा रस्ता गाव ते तालुका, म्हणजे काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि डांबराला आडव्या लाटा येतात. त्यात उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या आणि दर वस्तीला गतिरोधक. पेरणीच्या दिवसांत टाकीवर युरियाची ४५ किलोची गोणी आडवी टाकून तीच गाडी चालते. तक्रार नेहमीची: ब्रेक मारला की तोंड खाली जातं, गतिरोधकावर पुढून 'ठक्' आवाज येतो, गोणी असली तर प्रत्येक खड्ड्यात येतो.

स्प्रिंगला हात लावायच्या आधी शॉकअप मोकळे हलतात का ते बघायचं. याशिवाय पुढचं कोणतंही माप खरं येत नाही. पद्धत सोपी आहे. शॉकअपच्या पाईपवर, तेल अडवणाऱ्या सीलच्या अगदी वर, एक केबल टाय हलकी आवळून बसवायची. गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करायचं आणि सीलच्या कडेपासून वरच्या टी-पर्यंतचं (दोन्ही पाईप पकडणाऱ्या आडव्या भागापर्यंतचं) अंतर घ्यायचं. हे पूर्ण उघड्या शॉकअपचं माप. मग गाडी चाकांवर उभी करून चालवणारा नेहमीसारखा बसवायचा, दुसऱ्याने गाडी सरळ धरायची आणि तिसऱ्याने मोजायचं. एकदा पुढचा भाग खाली दाबून अगदी हळू वर येऊ द्यायचा आणि माप घ्यायचं. नंतर हँडल वर उचलून हळू खाली बसू द्यायचं आणि पुन्हा माप घ्यायचं. ही दोन मापं कधीच सारखी येत नाहीत. त्यांची सरासरी पूर्ण उघड्या मापातून वजा केली की माणूस बसल्यावर शॉकअप किती बसतो ते मिळतं. आणि त्या दोन मापांतला फरक म्हणजे आतलं घर्षण.

या गाडीत तो फरक २२ मिमी होता, म्हणजे शॉकअप कुठेतरी अडकत होता. ८ ते १० मिमीपर्यंत ठीक, १५ च्या वर गेला की आधी कारण शोधायचं. कारणं ठरलेली असतात. एक्सल आवळताना दोन्ही पाय आत ओढले गेलेले असतात, मडगार्डची पट्टी वाकून बॉटम, म्हणजे शॉकअपच्या खालच्या नळ्या, एकमेकांकडे खेचत असते, पाईप वाकलेला असतो किंवा सीलमध्ये माती बसून ती कडक झालेली असते. पाईप काढून व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल गेज लावलं तर वाक लगेच कळतो. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये ०.२ मिमी ही मर्यादा दिलेली असते. इथे पाईप सरळ निघाले, पट्टी वाकलेली होती. ती सरळ केली. मग एक्सल ढिला ठेवून शॉकअप जोरात दाबून सोडला, पुन्हा दाबला, पाय आपापल्या जागी येऊ दिले. त्यानंतर आधी एक्सल, मग पट्टीचे बोल्ट आणि शेवटी टी-चे बोल्ट असं खालून वर आवळत नेलं. फरक ८ मिमीवर आला. स्प्रिंग अजून जुनीच, पण बारीक खड्ड्यांवरचा हँडलचा धक्का तेवढ्यानेच बराच कमी झाला. नव्या स्प्रिंगा घालूनही गाडी हाताला आदळते असं म्हणणाऱ्यांनी हा फरक आधी मोजावा.

आता खोलणं. इंजिनाखाली फळी आणि जॅक द्यायचा, चाक मोकळं करायचं. टी-चा वरचा बोल्ट सैल करायचा आणि पाईप टी-मध्ये पकडलेला असतानाच वरचं टोपण ढिलं करायचं. पाईप काढून हातात घेतल्यावर ते ढिलं होत नाही. शेवटच्या आट्याला टोपण उसळतं, तेव्हा तोंड वर नेऊ नका, वरून पाना दाबून धरत सोडा. काही गाड्यांत आट्यांऐवजी टोपणाच्या वर तारेची रिंग असते. तिथे टोपण खाली दाबून रिंग बारीक स्क्रूड्रायव्हरने उचलावी लागते आणि हे काम दोघांचं आहे. तेल मापाच्या भांड्यात काढायचं. या गाडीत दोन्ही पायांतलं तेल सारखं निघालं नाही, रंग राखाडी, बोटावर चमक. ती चमक बुशच्या आणि पाईपच्या घासातून येते. हेच तेल वर्षानुवर्षं तसंच असेल तर डॅम्पिंग, म्हणजे उसळी आवरणं, गेलेलं असतं आणि दोष स्प्रिंगला दिला जातो.

स्प्रिंग डिझेलने धुऊन, पुसून सपाट काचेवर ठेवली. लांबी ३९२ मिमी. कंपनीचं मूळ माप ४०० चं होतं. मॅन्युअलमध्ये साधारण दोन टक्के घट ही बदलण्याची मर्यादा असते, म्हणजे ही स्प्रिंग बरोबर मर्यादेवर होती. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जुनी झालेली स्प्रिंग 'मऊ' होत नाही, आखूड होते. तार तीच, व्यास तोच, वेढे तेवढेच, त्यामुळे एक मिमी दाबायला लागणारं वजन पूर्वीइतकंच राहतं. कमी झालेला असतो तो फक्त आधीचा दाब, म्हणजे टोपणाखाली स्प्रिंग मुळातच जितके मिमी दाबलेली असते तो.

कडकपणा काढायला व्हर्नियर लागतो आणि थोडा धीर. तारेची जाडी तीन-चार ठिकाणी मोजायची. या स्प्रिंगची तार ३.८ मिमी. बाहेरचा व्यास २२.८, त्यातून एक तार वजा केली की वेढ्याचा सरासरी व्यास १९ मिमी. वेढे मोजताना दर दहाव्या वेढ्यावर मार्करची खूण करायची, नाहीतर हिशोब हमखास चुकतो. एकूण ६२ निघाले. दोन्ही टोकांचा एकेक वेढा सपाट घासून चिकटवलेला असतो, तो काम करत नाही, म्हणून ६०. काही स्प्रिंगांत एका टोकाला वेढे जवळजवळ असतात. ते वजन आल्यावर एकमेकांवर टेकतात आणि तिथून पुढे स्प्रिंग कडक होते. तशी स्प्रिंग असेल तर एका आकड्यावर भागत नाही, पण या गाडीत वेढे सगळीकडे सारखे होते.

सूत्र असं: तारेच्या जाडीचा चौथा घात गुणिले ८०००, भागिले (सरासरी व्यासाचा घन गुणिले वेढे गुणिले ८). मापं मिमीमध्ये घेतली की उत्तर दर मिमीला किती किलो असं येतं. ८००० हा स्प्रिंग स्टीलचा आकडा आहे. इथे ३.८ चा चौथा घात २०८.५, १९ चा घन ६८५९, वेढे ६०. उत्तर दर मिमीला ०.५१ किलो. म्हणजे एक स्प्रिंग एक मिमी दाबायला अर्धा किलो.

आकडा पडताळायचा असेल तर स्प्रिंग जुन्या पाईपमध्ये उभी करून वजनकाट्यावर ठेवा आणि ड्रिल मशीनच्या हँडलने वरून दांडी दाबा. पाईपशिवाय लांब स्प्रिंग दाबू नका, ती मधेच वाकून बाहेर फेकली जाते. काट्यावर पाईपचं वजन आधी शून्य करून घ्यायचं. ५० मिमी दाबल्यावर काटा २५ किलोच्या जवळ गेला, म्हणजे हिशोब जुळला. संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात ओळख असेल तर तिथल्या स्प्रिंग टेस्टिंग मशीनवर हे काम दोन मिनिटांचं आहे.

नवीन स्प्रिंग किती कडक हवी, हे गाडीवर किती वजन येतं त्यावरून ठरवायचं. पुढचं चाक वजनकाट्यावर आणि मागचं चाक काट्याच्या उंचीच्या फळीवर ठेवून माणूस बसवला. पुढच्या चाकावर ८२ किलो आले. त्यातलं चाक, टायर, ड्रम, बॉटम, मडगार्ड यांचं वजन स्प्रिंग उचलत नाही. ते साधारण १४ किलो. उरले ६८. शॉकअप तिरपा असल्याने त्याच्या रेषेत यातला सुमारे नऊ दशांश भाग येतो, म्हणजे ६१. एका पायाला साडेतीस किलो.

साडेतीस किलोला जुनी स्प्रिंग ६० मिमी दाबते. नवी असताना ती टोपणाखाली १८ मिमी दाबलेली असायची, म्हणजे शॉकअप ४२ मिमी बसायचा. आता ८ मिमी आखूड झाल्यावर आधीचा दाब १० राहिला आणि शॉकअप ५० मिमी बसतो. एकूण हालचाल ११५ मिमी. रस्त्यावरच्या गाडीला माणूस बसल्यावर ३० ते ३५ टक्के, म्हणजे ३५ ते ४० मिमी बसणं योग्य. इथे ४३ टक्के. आणि टाकीवर गोणी आली की पुढे सुमारे २५ किलो वाढतात, एका स्प्रिंगला सव्वाअकरा, त्याचे आणखी २२ मिमी. बसणं ७२ मिमीवर, उरले ४३. त्यात ब्रेक आणि खड्डा एकत्र आला तर 'ठक्' होणारच.

इथे तीन वाटा होत्या, आणि तिन्हींचे आकडे मांडले की निवड आपोआप होते.

पहिली वाट कंपनीची नवी स्प्रिंग. तिने ८ मिमी परत मिळतात, शॉकअप ४२ वर येतो. तेच ८ मिमी जुन्या स्प्रिंगवर ८ मिमी उंचीचा पाईपचा तुकडा ठेवूनही मिळतात. एकटा माणूस चालवणार असेल आणि ओझं नेणार नसेल तर तेवढा तुकडा पुरतो, नव्या स्प्रिंगवर खर्च करायची गरज नाही. गोणीचा प्रश्न मात्र दोन्हींनी सुटत नाही, कारण प्रत्येक किलोला बसणं तेवढंच राहतं.

दुसरी वाट वेढे कापायची, जी गावोगावी सांगितली जाते. वेढे कमी केले की स्प्रिंग कडक होते हे खरं आहे. दहा वेढे कापले तर ६० चे ५० होतात आणि कडकपणा ०.६१ वर जातो. पण दहा वेढ्यांबरोबर ६३ मिमी लांबी जाते. उरलेली स्प्रिंग ३२९ मिमी. तिचे सगळे वेढे एकमेकांना चिकटले की उंची १९८. म्हणजे ती फार तर १३१ मिमी दाबू शकते. वरून तुकडा टाकून १५ मिमी आधीचा दाब दिला आणि शॉकअपची पूर्ण ११५ हालचाल झाली, तर लागतात १३०. एक मिमी शिल्लक! मोठ्या खड्ड्यात वेढ्यावर वेढा आपटतो, तो धक्का सरळ टोपणाला आणि डॅम्पर रॉडला बसतो. किमान १० मिमी तरी शिल्लक असायला हवेत. त्यात जुन्याच बारीक तारेवर जास्त ताण येतो आणि ग्राइंडरने कापलेलं टोक तापून नरम पडतं. ही वाट सोडून दिली.

तिसरी वाट जाड तारेची स्प्रिंग. व्यास १९ आणि वेढे ६० तेच ठेवून तार ३.८ ऐवजी ४.० मिमी घेतली की कडकपणा ०.६२. तार फक्त ०.२ मिमीने वाढली आणि कडकपणा २३ टक्क्यांनी, कारण जाडी चौथ्या घातात जाते. बंद उंची २४८, मोकळी लांबी ४००, म्हणजे १५२ मिमी दाबता येते आणि लागतात १२५ ते १३०. जागा पुरेशी आहे.

चौथ्या घातामुळे दुकानात एक काळजी घ्यावी लागते. स्प्रिंगवर रंग असतो. दोन्ही बाजूंचा मिळून ०.१ मिमी रंग धरला तर ४.० वाटणारी तार ३.९ असते आणि कडकपणाचा हिशोब १० टक्क्यांनी चुकतो. तार नेहमी घासलेल्या टोकाजवळ, जिथे धातू उघडा दिसतो तिथे मोजा. दोन्ही स्प्रिंगा एकाच लॉटच्या घ्या, शेजारी उभ्या करून लांबी आणि वेढे जुळवा. काचेवर लोळवून बघा, मधे वाक असेल तर ती पाईपला घासत राहते. टोकं सपाट घासलेली हवीत. बाहेरचा व्यास पाईपच्या आतल्या व्यासापेक्षा दीड-दोन मिमीने कमी हवा, कारण दाबल्यावर स्प्रिंग किंचित फुगते. या गाडीचा पाईप आतून २५ मिमी, नवी स्प्रिंग बाहेरून २३, म्हणजे बरोबर. १२५ किंवा १५० सीसी गाडीची स्प्रिंग लावायची असेल तरी हीच मापं घ्यायची: व्यास, तार, वेढे, बंद उंची. लांबी कमी पडली तर वरच्या तुकड्याने भरून काढता येते, जास्त असेल तर ती स्प्रिंग आपल्या कामाची नाही.

तयार मिळत नसेल तर स्प्रिंग बनवणाऱ्याकडून वळवून घेता येते. त्याला सगळी मापं कागदावर द्या आणि तार आयएस ४४५४ ची, म्हणजे स्प्रिंगसाठीच्या भारतीय मानकाची मागा. वळल्यावर भट्टीत ताण काढून पूर्ण बंद होईपर्यंत दाबून घ्यायला सांगा. हे दाबणं राहिलं तर स्प्रिंग गाडीत बसल्यावर पहिल्याच महिन्यात आखूड होते.

वरच्या तुकड्यासाठी पाऊण इंची सीपीव्हीसी पाईप चालतो. त्याचा बाहेरचा व्यास २२.२ मिमी, २५ च्या पाईपमध्ये मोकळा जातो. कापताना टोकं काटकोनात हवीत आणि स्प्रिंग व तुकडा यांच्यामध्ये लोखंडी वॉशर हवा, नाहीतर स्प्रिंगचं टोक प्लास्टिकमध्ये रुतत जातं. सीपीव्हीसीवर उंची ठरवून घ्या, कायमचा तुकडा लेथवर ॲल्युमिनियमचा करा.

तुकड्याची उंची दोन मापांनी ठरते. माणूस बसल्यावरचं बसणं आणि रिकाम्या गाडीचं बसणं, दोन्ही घ्यायची. आधीचा दाब १५ मिमी ठेवला तेव्हा माणसासह ३४ मिमी आलं, पण रिकामी गाडी जेमतेम ११ मिमी बसत होती. इतकं कमी असेल तर चाक खड्ड्यात खाली जायला जागा राहत नाही आणि उतारावर पुढून शॉकअप पूर्ण उघडून आपटल्याचा 'टक्' असा आवाज येतो. दाब १० वर आणल्यावर माणसासह ३९ आणि रिकामी १६. तेच ठेवलं. माणसासह बसणं बरोबर पण रिकामी गाडी बसतच नसेल तर स्प्रिंग मऊ आहे आणि तुकडा जास्त उंच झालाय. उलट रिकामी गाडीच खूप बसत असेल तर स्प्रिंग त्या माणसाला कडक आहे. आधीचा दाब २५ मिमीच्या वर न्यावा लागत असेल तर तुकडा वाढवणं थांबवा, स्प्रिंगच बदला. गोणीसह हीच गाडी आता ५७ मिमी बसते, म्हणजे अर्धी हालचाल हाताशी राहते.

तेलाचं माप स्प्रिंग बाहेर असताना, शॉकअप पूर्ण दाबून, पाईपच्या वरच्या कडेपासून पातळीपर्यंत घ्यायचं. नुसतं मिलीलिटरवर भरलं तर जुन्या तेलाचा आत राहिलेला अंश धरला जात नाही. जाड तारेची स्प्रिंग जास्त जागा घेते. या जोडीत फरक प्रत्येक पायाला साडेचार मिली, आणि २५ मिमीच्या पाईपमध्ये ५ मिली म्हणजे पातळीचे १० मिमी. म्हणून पातळी मूळ मापापेक्षा थोडी खालीच ठेवून सुरुवात केली. कडक स्प्रिंग वर येताना जोर जास्त लावते, तो आवरायला तेलही थोडं जाड लागतं. कडकपणा २३ टक्के वाढला तर डॅम्पिंगची गरज १० टक्क्यांच्या आसपास वाढते, त्यामुळे १० ग्रेडच्या फोर्क ऑइलवरून (शॉकअपच्या तेलावरून) १५ पुरेसं आहे. इंजिन ऑइल ओतणारे खूप आहेत. ते थंडीच्या सकाळी घट्ट वागतं, आणि मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या पुढे गेला की पातळ होतं.

जोडल्यावर पुढचा ब्रेक दाबून शॉकअप जोरात खाली दाबा आणि सोडा. वर येऊन एकदाच स्थिर व्हायला हवा. पुन्हा खाली-वर झाला तर तेल पातळ आहे, रेंगाळत वर आला तर जाड. पुढचा भाग एक सेंटिमीटर उंच झाल्याने हेडलाइटचा झोतही वर जातो, तो खाली करून घ्या.

शेवटचं माप रस्त्यावरचं. केबल टाय सीलला टेकवून नेहमीच्या रस्त्यावर गाडी चालवली. एकट्याने ८६ मिमीपर्यंत गेली, गोणीसह १०९. ११५ पैकी फक्त ६ मिमी उरले. इथे स्प्रिंग बदलायची नसते. तेल प्रत्येक पायात ५ मिली वाढवलं की वरची हवेची जागा कमी होते आणि ती हवा शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगसारखी दाबते. सुरुवातीच्या हालचालीवर तिचा फारसा परिणाम होत नाही. तेवढ्याने टाय १०३ वर थांबली. एका वेळी ५ मिलीच वाढवायचं आणि एकूण १५ च्या पुढे जायचं नाही, नाहीतर पूर्ण दाबताना हवेचा दाब सील फोडतो. दोन्ही पायांची पातळी सारखी ठेवा. दोन-तीनशे किलोमीटरनंतर बसणं पुन्हा मोजा. नवी स्प्रिंग एक-दोन मिमी बसलेली असेल तर तुकडा तेवढाच उंच करा, आणि सीलखाली तेलाची ओल आहे का तेही तेव्हाच बघा.